हिरवा दिवा उजवीकडे

मास्तरांचा हात चुकला.

आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. हात कुणाचा चुकत नाही? पण सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरांनी एकोणीस वर्षं क्रेन चालवली होती आणि पुढची बारा वर्षं दुसऱ्यांना शिकवली होती, आणि या एकतीस वर्षांत एक वाक्य त्यांनी इतक्या लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की तिथल्या पाइपांनाही ते पाठ झालं असेल. ‘हात चुकत नसतो. आधी मन चुकतं, मग हात.’ आणि तोच माणूस सकाळी अकराच्या लख्ख उजेडात, पोटभर जेवून, खुर्चीत आरामात बसून, समोर फक्त दोन बटणं असताना चुकला. तेही एकदा नव्हे, नऊ वेळा.

“काय?” मास्तर म्हणाले. “किती?”

“नऊ,” तपासणीवाली बाई म्हणाली.

“तुमचं यंत्र बिघडलंय, बाई.”

बाई हसली नाही की रागावलीही नाही. तिने फक्त कागद त्यांच्यापुढे सरकवला. कागदावर एकशेवीस चौकोन होते आणि नऊ फुल्या. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. फुल्या नऊच होत्या.

हे सगळं झालं ते मास्तरांच्या हौसेमुळेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्यातली गत. विमा कंपनीने ही बाई पाठवली होती ती त्यांच्या जावयाची तपासणी करायला, त्यांची नव्हे. पण मास्तर मध्येच खुर्ची ओढून बसले. “त्याचं काय बघताय? आधी माझं बघा. चांगला हात कसा असतो ते तरी कळेल तुम्हाला,” असं म्हणाले. जावई दारात उभा होता. तीन आठवडे तो कुणाशीच फारसं बोलत नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं ते असं. पाइपाचा साचा भरला की तो वाफेच्या हौदात ठेवतात, म्हणजे सिमेंट लवकर पक्कं होतं. मग क्रेनने साचा वर काढायचा आणि बाजूला लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा. हौदाची झाकणं उघडली की शेडमध्ये वाफच वाफ होते. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालच्या माणसाचे हातवारे दिसत नाहीत, आणि यंत्रांच्या घरघरीत हाक ऐकू जाणं तर विसराच. म्हणून खालच्या खलाशाच्या, म्हणजे साचा टेकवून घेणाऱ्या मदतनिसाच्या, हातात दोन बटणांची एक डबी असते, आणि केबिनसमोरच्या दोन खांबांवर दोन दिवे. हिरवा लागला की साचा वर घ्यायचा, लाल लागला की खाली. केबिनमध्ये डाव्या हाताला ‘वर’चं बटण, उजव्या हाताला ‘खाली’चं. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं.

त्या दिवशी साचा ठोकळ्यांपासून वीतभर वर लटकत होता. एक ठोकळा तिरका झालाय हे खलाशाला दिसलं. हा खलाशी अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत. पहिलवानाने आधी हिरवा दिवा दिला, म्हणजे साचा आणखी वर जाईल, आणि मग ठोकळा पायाने सरळ करायला गेला. वर जावई बसला होता. त्याने हिरवा पाहिला आणि ‘खाली’चं बटण दाबलं.

पहिलवानाच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली.

जावयाने पुढच्याच क्षणी साचा वर घेतला, शिडीवरून जवळपास उडी टाकूनच खाली आला आणि पहिलवानाला स्वतःच्या पाठीवर घेऊन फाटकापर्यंत धावला. पण धावून काय उपयोग? हिरवा दिसल्यावर ‘खाली’ दाबतंच कोण? कुणी म्हणालं, फोन बघत असेल. कुणी म्हणालं, घेतली असेल. तो घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी म्हणालं. आणि मास्तर? मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपणच शिकवलेला माणूस, वर आपलाच जावई! लोक म्हणतील, सासऱ्याने पाठीशी घातलं. म्हणून त्यांनी इतरांपेक्षा चार शब्द जास्तच कडक लिहून दिले. ‘संबंधित चालकाचं लक्ष कामावर नव्हतं. दुसरं कारण संभवत नाही.’ खाली सही, सहीखाली रेघ.

त्याच दिवशी दुपारी तीनला चौकशी समितीची शेवटची बैठक होती. तिथे निष्काळजीपणाचा शिक्का बसला की जावयाचा क्रेनचा परवाना कायमचा जाणार होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि घरात पाच महिन्यांचं बाळ होतं.

“पुन्हा घ्या,” मास्तर बाईला म्हणाले. “मघाशी मी बेसावध होतो.”

“घेऊ की. पण आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही सावध राहाल. पडद्यावर ठिपका येणार. हिरवा आला की डावं बटण, लाल आला की उजवं. ठिपका कधी पडद्याच्या डावीकडे येईल, कधी उजवीकडे. त्याच्या जागेशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. फक्त रंग बघा.”

“अहो, तेच तर मी जन्मभर शिकवत आलोय!”

मास्तरांनी दोन्ही तर्जन्या बटणांवर ठेवल्या आणि श्वास रोखला. हिरवा, डावं. लाल, उजवं. हिरवा, डावं. दहा झाले, वीस झाले, सगळे बरोबर. मास्तरांच्या मिशीत हसू आलं. तेवढ्यात हिरवा ठिपका उजवीकडे उगवला, आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की त्यांचं उजवं बोट खाली गेलं.

हिरवा दिसला होता हो. हिरवाच आहे हे कळलंही होतं. पण कळेपर्यंत बोट आपलं काम उरकून बसलं होतं. मास्तर त्या बोटाकडे बघत राहिले, जणू ते शेजाऱ्याचं असावं. तेवढ्या वेळात पुढचे दोन ठिपके येऊन गेले.

“अरे!” ते म्हणाले. “अरे, हे काय!”

दुसऱ्या खेपेला सात चुका झाल्या.

कारखान्याचे साहेब मागे उभे राहून हे बघत होते. “मास्तर, वय झालं तुमचं, उठा,” म्हणत ते बसले, आणि अकरा चुका करून उठले. त्यानंतर त्यांना अचानक एक महत्त्वाचा फोन करायचा आहे हे आठवलं.

बाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “आता चुका किती ते सोडा. कुठे आहेत ते बघा,” ती म्हणाली. तिने पेन्सिलीने एकेका फुलीवर टिचकी मारली. “हिरवा, पण उजवीकडे आलेला. हा लाल, पण डावीकडे. हा पुन्हा हिरवा, उजवीकडे. ठिपका आणि बटण एकाच बाजूला असताना तुमची एक तरी चूक आहे का?”

मास्तरांनी एकेक फुली बोटाने तपासली. एकही नव्हती.

“डोळ्याला जागा दिसली की हात आपोआप त्या बाजूला निघतो,” बाई म्हणाली. “रंगाचा विचार त्याच्या मागून येतो. बहुतेक वेळा विचार हाताला गाठतो आणि वळवतो. कधीतरी नाही गाठत. लक्ष असो नसो, सगळ्यांचं होतं. माझंही होतं, आणि मी तर हाच धंदा करते.”

“लक्ष असूनही?”

“तुमचं नव्हतं का आत्ता?”

इतकं लक्ष त्यांनी आयुष्यात कशाला दिलं नव्हतं.

“आता मला तुमची केबिन बघायचीय,” बाई म्हणाली. “कुठला दिवा कुठल्या बाजूला आहे?”

बाईला शिडी चढून बघावं लागणार होतं. मास्तरांना नाही. त्यांना ठाऊक होतं.

तरी ते वर चढले. गुडघे कुरकुरत होते, बाई मागून येत होती, आणि ते प्रत्येक पायरीला मनात म्हणत होते, नसू दे, तसं नसू दे. केबिनमध्ये जावयाची पाण्याची बाटली तशीच होती. मास्तर खुर्चीत बसले. डाव्या हाताखाली ‘वर’, उजव्या हाताखाली ‘खाली’. खालून कुणीतरी डबीचं बटण दाबलं.

हिरवा दिवा उजव्या खांबावर लागला.

पूर्वी तो डाव्या खांबावर होता. तीस वर्षं डावीकडेच होता. तीन महिन्यांपूर्वी शेडला रंग दिला तेव्हा दिवे उतरवले होते, आणि परत लावताना हिरव्याची वायर डाव्या खांबापर्यंत पुरेना. वायरमनने अदलाबदल करून काम भागवलं, पण माणूस प्रामाणिक. तो मास्तरांकडे विचारायला आला. “मास्तर, दिवे उलटे बसलेत. नवीन वायर आणून सरळ करू का? अर्धा दिवस क्रेन बंद ठेवावी लागेल.”

मास्तरांना आपलं उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं, कारण त्या उत्तरावर चार माणसं हसली होती आणि त्यांना बरं वाटलं होतं. “राहू दे रे. ताटात काय वाढलंय ते बघायचं, ताट कुठे ठेवलंय ते बघून पोट भरतं का? हिरवा तो हिरवा. अर्धा दिवस कशाला घालवतोस?”

मग त्या तीन महिन्यांत दोनदा साचा दणकन खाली बसला होता. दोन वेगवेगळे चालक होते. दोघांनाही मास्तरांनी भर शेडमध्ये झापलं होतं, गप्पा मारता म्हणून.

आणि अजून एक गोष्ट होती. ती आठवली तेव्हा मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दिवे बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी जावई त्यांच्याकडे आला होता. इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाला होता, “बाबा, ते दिवे जरा उलटे वाटतात. हात अडखळतो.” आणि मास्तर म्हणाले होते, “जावईबापू, हात अडखळत नसतो. मन कुठे आहे ते बघा. नवीन बाळ आहे घरात, झोप होत नसेल.” त्यालाही चार माणसं हसली होती.

“हे असे कुणी लावले?” बाईने विचारलं.

मास्तर चष्मा काढून पुसत बसले. बाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती खाली उतरली.

तीनपर्यंत मास्तर केबिनमध्येच बसून होते. गप्प बसलो तर? हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला, चांगला ऐसपैस बसला. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत एक डाग नाही. वायरमन काम सोडून दुसरीकडे गेला होता. बाईला दिवे उलटे दिसले, पण कुणाच्या शब्दावरून ते तिला कोण सांगणार? हसलेल्या चौघांपैकी कुणी मास्तरांविरुद्ध तोंड उघडणार नव्हतं. सांगेल असा एकच माणूस होता, जावई, आणि तो तर दुपारी तीनला बोलणारच. स्वतःचा परवाना जात असताना कोण सासऱ्याची अब्रू राखत बसतो?

बैठकीच्या खोलीत लांबट टेबल होतं, पलीकडे समितीचे तिघे, मधोमध साहेब. जावई एका टोकाला, हात मांडीखाली दाबून बसला होता. साहेबांनी त्याचा जबाब वाचायला घेतला. “प्रश्न चौथा. केबिनमधल्या मांडणीबद्दल आपली काही तक्रार होती का? उत्तर, नाही. प्रश्न पाचवा. अपघाताचं कारण आपल्या मते काय? उत्तर, माझं मन जाग्यावर नसावं. मला ते आठवत नाही, पण नसावं.”

मास्तरांना आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं.

“थांबा,” ते म्हणाले. “हे काय लिहिलंस तू?”

जावयाने मान वर केली. “खरं तेच लिहिलंय, बाबा.”

“अरे, तू मला सांगितलं होतंस! दिव्यांचं! दुसऱ्याच दिवशी आला होतास ना माझ्याकडे? ते का नाही लिहिलंस?”

साहेब हातातला कागद धरून तसेच राहिले.

“तुम्ही म्हणालात ना, हात अडखळत नसतो,” जावई म्हणाला. “मग मी विचार केला. तुम्ही एकतीस वर्षं बघताय. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलं असणार. फोन हातात नव्हता, झोप झाली होती, हिरवा दिसला होता, तरी दाबलं. म्हणजे मन किती बिघडलं असेल, बाबा? मी स्वतःलाच घाबरतो आता.”

मास्तरांना वाटलं होतं की जावई गप्प बसला तर तो त्यांची अब्रू राखण्यासाठी. तसं असतं तर बरं झालं असतं. एखाद्याने उपकार केले तर ते फेडता तरी येतात. पण या पोराने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. त्यांचं ते टाळ्या घेणारं वाक्य त्याने खरं मानलं होतं आणि तीन आठवडे स्वतःला आतून खात बसला होता.

आणि तेव्हा त्यांना मुलीचं बोलणं आठवलं. चार दिवसांपूर्वी ती जिन्यात भेटली होती. “बाबा, हे बाळाला उचलत नाहीत. रडलं तरी मलाच हाक मारतात. म्हणतात, माझ्या हातून सुटेल,” असं म्हणाली होती. मास्तर म्हणाले होते, “नाटकं आहेत. कामावर लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती.” आपल्याच पोटच्या पोरीला हे म्हणाले होते.

ते उठून उभे राहिले.

“साहेब, माझा जबाब फाडा. दुसरा लिहून घ्या. दिवे उलटेच राहू द्यायला मी सांगितलं. वायरमन विचारायला आला होता, मी नको म्हणालो. या पोराने तक्रार केली, मी त्याला हसलो. आज सकाळी मी दोनशे चाळीस वेळा बटण दाबलं आणि सोळा वेळा चुकलो. माझ्या हाताखाली साचा असता तर सोळा वेळा तो कुणाच्यातरी पायावर बसला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही.”

“मास्तर,” साहेब हळूच म्हणाले, “विचार करून बोला. पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त...”

“तुमच्या अकरा झाल्या होत्या, साहेब. त्याही लिहा.”

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. जावयाचा परवाना राहिला. दिवे सरळ होईपर्यंत क्रेन बंद ठेवायचं ठरलं, आणि ती चांगली दीड दिवस बंद राहणार होती. मास्तरांनी उद्यापासून शिकवायचं नाही, त्यांच्याबद्दल वेगळी चौकशी बसेल, असंही ठरलं. मास्तरांनी मान हलवली. ते त्यांना नीटसं ऐकूही आलं नव्हतं. ते जावयाकडे बघत होते. सुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. कुणीतरी थोबाडीत मारावी आणि का मारली ते सांगू नये, तसा तो बसला होता.

दोघं घरी चालत आले. मास्तर खालच्या मजल्यावर राहायचे, मुलगी आणि जावई वर. जिन्याशी आल्यावर मास्तरांनी खिशातून घडी केलेला तो कागद काढला.

“हे ठेव.”

जावयाने घडी उलगडली. “काय आहे?”

“माझ्या चुका. बाईने काढल्यात. सगळ्या अशाच आहेत, हिरवा उजवीकडे किंवा लाल डावीकडे. इतर एकही नाही. मन जाग्यावर होतं माझं, कधी नव्हतं इतकं होतं. तरी झालं.”

जावई तिथेच, पहिल्या पायरीवर, फुल्या मोजू लागला. एकेका फुलीवर बोट ठेवत, ओठ हलवत. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“नऊ,” तो म्हणाला.

“नऊ.”

“तुमच्या? तुमच्या हाताच्या नऊ?”

“माझ्याच, पोरा. मागाहून सात आणखी. तुझी एक झाली.”

जावयाने कागद छातीशी धरला. आणि मग हा दांडगा गडी लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. आवाज ऐकून मुलगी बाळाला कडेवर घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला आली. खाली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, गेला परवाना.

“काय झालं? बाबा, काय झालं हो? बोला ना कुणीतरी!”

जावई दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं, दोन्ही हात पुढे केले.

“अगं, दे त्याला इकडे,” तो म्हणाला.

मुलगी क्षणभर थांबली. मग तिने दिलं.

मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्यांना तो हक्क आपला वाटला नाही. दवाखान्यात भेटायची वेळ सहापर्यंत होती आणि पहिलवानाला अजून काहीच ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात त्याच्या खाटेशी उभं राहून मास्तर म्हणाले होते, ‘तुझ्या पायाची शपथ, ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही.’ पहिलवानाने त्यांचा हात धरून ठेवला होता.

ते घरात गेले, तोंडावर पाणी मारलं, बाहेर जायच्या चपला घ्यायला उंबऱ्याशी आले. चपलेत पाय सरकवताना त्यांची नजर खाली गेली. डाव्या पायाची पाचही बोटं जागच्या जागी होती. मास्तर मटकन उंबऱ्यावर बसले. साडेपाच वाजत आले तरी त्यांना उठता येईना.